१७६ कोटींचं उत्तर काढणारे भास्कराचार्य नेमके कुठले?

बीदर : भास्कराचार्य बीदरचे, विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, हा वाद जुनाच आहे. त्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड असं नोंदवलंय. नावातल्या साम्यामुळे बीदरचा दावा पुढे आला. पण बीदरला सह्याद्री कुठला?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. त्या वेळी आपल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्यांची राजधानी होती.

बीजगणितात त्यांनी एक गणित घेतलं. ६१ ला कोणत्या संख्येच्या वर्गाने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? दिसायला सोपं. ६० साठी ४ घ्या : ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ घेतले की ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ने मात्र घाम काढला. त्याचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा!

अंदाजाने एवढी संख्या सापडत नाही. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धत वापरली. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. इथे १ ऐवजी ३ लागले, म्हणजे हिशेब चुकला. ती चूक टाकून न देता तिच्यावरूनच पुढची पायरी काढायची. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, हा ३९ चा वर्ग. तिथून ब्रह्मगुप्तांच्या जुन्या सूत्राने थेट उत्तर. चक्रवालाची पद्धत त्यांच्या आधी जयदेवांकडेही होती. भास्कराचार्यांनी ती नीट मांडून ६१ सारखं अवघड उदाहरण सोडवून दाखवलं.

सुमारे ५०० वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ चं कोडं तिकडच्या गणितज्ञांपुढे टाकलं. इकडे ते केव्हाच सुटलंय, याचा तिकडे पत्ता नव्हता. कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर आलं ते १८१७ मध्ये.

भास्कराचार्यांनी ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, 'करणकुतूहल' लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी पंडित झाला. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. शके ११२८ चा तसा शिलालेख तिथे आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यामुळे अभ्यासकांचा कल पाटणकडे जास्त आहे.

बीदरच्या पदरात जन्मगाव पडेल असं दिसत नाही. गणित मात्र कुणाच्या हद्दीत अडकत नाही. औराद, भालकी, आळंदच्या शाळांत ६० आणि ६२ चा हिशेब पोरांनी वहीवर करून पाहावा आणि मग ६१ ला हात घालावा. साध्या कॅल्क्युलेटरवर त्याचा वर्ग मावतसुद्धा नाही. तो १९ अंकी आहे.