गर्दुल्ला नव्हे, पेशंट

गर्दुल्ला! किती सहज बोलून जातो ना आपण? स्टेशनच्या जिन्याखाली असा एखादा मुलगा दिसला की पर्स घट्ट धरून भराभर पुढे निघतो. त्याचीही कुठेतरी आई असेल, हे मनात येतं आणि गर्दीत विरून जातं. अशा मुलांकडे पेशंट म्हणून बघा, असं डॉक्टरांना ठणकावून सांगणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. डॉ. मेरी निस्वॉण्डर.

मेरीचा जन्म १९१९ चा, नेवाडातल्या रीनोचा. १९४४ मध्ये ती डॉक्टर झाली. तिला व्हायचं होतं नौदलात सर्जन, पण तिथे बाई सर्जन नको होती. मग सरकारी आरोग्यसेवेतून ती पोहोचली केंटकीतल्या लेक्झिंग्टनला, व्यसनी लोकांच्या हॉस्पिटलात. हॉस्पिटल कसलं, निम्मा तुरुंगच! तिथली वागणूक बघून ती हादरली. शिवाय सुटून गेलेले बहुतेक जण पुन्हा हेरॉइनकडेच वळायचे.

ती न्यूयॉर्कला आली, मानसोपचारतज्ज्ञ झाली. व्यसनी माणूस हा रुग्णच आहे, असं शीर्षकातच सांगणारं पुस्तक तिनं १९५६ मध्ये लिहिलं. पण नुसतं बोलून, समजावून हेरॉइन सुटत नाही, हेही तिनं प्रामाणिकपणे मान्य केलं.

१९६४ मध्ये ती रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्याबरोबर काम करू लागली. आधी त्यांनी पेशंटना मॉर्फिन देऊन पाहिलं. ते दिवसभर टीव्हीसमोर बसून पुढच्या इंजेक्शनची वाट बघत. मग मेथाडोन दिलं. हे जुनंच वेदनाशामक, तोंडाने घ्यायचं, दिवसातून एकदा. योग्य डोस मिळाला की तलफ शमते, पण नशा चढत नाही. आणि काय नवल! एकजण चित्रं काढायला लागला, दुसरा अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणू लागला. २२ पेशंटचा हा अनुभव १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मेरी आणि डोल यांनी लग्नही केलं.

टीका खूप झाली. एक व्यसन सोडवून दुसरं लावता, असं लोक म्हणत. मेथाडोनही जपूनच द्यावं लागतं, जास्त झालं तर जीव जातो. पण रस्त्यावरच्या पुडीत काय मिसळलंय हे घेणाऱ्याला कुठे माहीत असतं? शिवाय एकच सुई अनेकांच्या हातात फिरते. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा मोजका डोस माणसाला यातून वाचवतो. नशा सुटेल तेव्हा सुटेल, आधी माणूस जगला पाहिजे, हे साधं गणित.

१९८६ मध्ये मेरी कॅन्सरने गेली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सुयांमधून एड्स पसरत होता. २००५ मध्ये मेथाडोनला जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडेही काही सरकारी केंद्रांत अशी औषधं देतात.

घरात कुणी या विळख्यात सापडलं, तर आपण आधी लपवतो, मग हाकलून देतो. ताप आलेल्या लेकराला कधी घराबाहेर काढतो का आपण?