‘मूकनायक’च्या १० वर्षं आधी नागपुरातून पेपर काढणारे किसन फागूजी बनसोड

दलित पत्रकारिता म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते ‘मूकनायक’चं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० ला सुरू केलं. पण त्याच्या १० वर्षं आधीपासून नागपुरात एक माणूस अस्पृश्यांसाठी पेपर काढत होता. एक बंद पडला की दुसरा, दुसरा बंद पडला की तिसरा.

त्यांचं नाव किसन फागूजी बनसोड.

बनसोडांचा जन्म १८७९ चा, नागपूरजवळच्या मोहपा गावचा. जात महार. शिकल्याशिवाय समाज पुढं जाणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं.

पण शाळेत मुलं येतात. मोठ्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी बनसोडांनी पेपर काढायचं ठरवलं.

१९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ सुरू झाला. नाव नीट वाचा. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यांना हा पेपर देशाचे नागरिक म्हणत होता.

१९१३ मध्ये आला ‘विटाळ विध्वंसक’. नावातच भूमिका होती.

१९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालू होती आणि गावोगावचे महार तिथं कामाला येत होते. जातीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापासून वेगळा नाही, हे बनसोडांना दिसत होतं. हा पेपर १९२२ पर्यंत चालला.

पुढं १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी ‘चोखामेळा’ चालवला.

पेपर का टिकत नव्हते, हे समजायला अवघड नाही. पेपर चालायला वाचता येणारे आणि वर्गणी भरू शकणारे वाचक लागतात. ज्यांच्यासाठी बनसोड लिहीत होते, त्यांच्यात दोन्हींची वानवा होती.

तरीही काम वाया गेलं नाही. त्यांच्या प्रोत्साहनानं शिकलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा उघडली.

मग हे नाव मागं का पडलं?

एक कारण म्हणजे धर्माचा प्रश्न. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. बनसोडांना ते पटलं नाही. संतांची वाट धरून, हिंदू धर्मात राहूनच अस्पृश्यता संपवता येईल, असं त्यांचं मत होतं. समाज मात्र बाबासाहेबांच्या मागं उभा राहिला.

१९४६ मध्ये बनसोड गेले. १० वर्षांनी, १९५६ मध्ये, त्यांच्याच नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

बनसोडांचा मार्ग त्या लोकांनी घेतला नाही. पण आपण या देशाचे नागरिक आहोत, ही गोष्ट त्यांनी १९१० मध्येच पेपरच्या नावात छापून ठेवली होती.