कमी श्रेणी मिळालेला प्रबंध : स्वान्ते अऱ्हेनिअस



नववीत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा पाठ घेताना आपण फळ्यावर दोन ओळी हमखास लिहितो. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी. मुलं ओळी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. पण ज्या विचारातून या ओळी आल्या, तो विचार पहिल्यांदा मांडणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या परीक्षकांनी फार कमी श्रेणी दिली होती. ही गोष्ट वर्गात सांगितली तर पाठ तर सोपा होतोच, पण आपल्यालाही थोडं थांबून विचार करावा लागतो.

स्वान्ते अऱ्हेनिअस यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1859 चा. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण त्या दिवशी आपल्याकडे शिवजयंती असते. स्वीडनमधल्या उप्साला शहराजवळ विक नावाचं ठिकाण आहे, तिथे ते जन्मले. वडील जमीन मोजणीचं काम करायचे. स्वान्ते तिसऱ्या वर्षीच वाचायला शिकला असं सांगतात. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या बघता बघता त्याला आकड्यांची गोडी लागली. पुढे तो उप्साला विद्यापीठात गेला, पण तिथे मनासारखं काम करता येईना. म्हणून 1881 मध्ये तो स्टॉकहोमला एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञांकडे काम करायला गेला.

नेमका प्रश्न काय होता?

आता तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट बघा. कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही जवळजवळ वाहत नाही. पण मीठ पाण्यात विरघळवलं की छान वाहते. साखर विरघळवली तर मात्र वाहत नाही. असं का?

‘आयन’ हा शब्द तेव्हा नवा नव्हता. मायकेल फॅरेडे यांनी तो 1830 च्या दशकातच वापरात आणला होता. पण वीज सोडली की तिच्या जोरामुळे रेणू फुटतात आणि मग आयन तयार होतात, असा साधारण समज होता. तरुण अऱ्हेनिअसने वेगवेगळी द्रावणं घेऊन त्यांची वाहकता मोजली, द्रावणं पाणी घालून विरल करत पुन्हा पुन्हा मोजली. विरल करत गेलं की विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात पाहिलेली वाहकता वाढते, हे त्याला दिसलं. म्हणजे पाणी वाढलं की पदार्थाचा जास्त भाग वीज वाहून नेण्याच्या कामाला लागतो. त्यावरून त्याने अनुमान काढलं, की विरघळलेल्या पदार्थाचा काही भाग ‘क्रियाशील’ असतो आणि काही नसतो. जी आम्लं वीज चांगली वाहून नेतात तीच रासायनिक क्रियेतही जोरकस असतात, हेही त्याने मांडलं. पुढच्या तीन वर्षांत या विचाराला पूर्ण रूप आलं : पदार्थ पाण्यात विरघळताच त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होतात, विजेची वाट बघत नाहीत. आपल्या पुस्तकात यालाच विचरण म्हटलं आहे.

परीक्षक मूर्ख नव्हते

1884 मध्ये हा प्रबंध उप्सालात परीक्षेला आला. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली आणि तोंडी बचावाला त्याहून जराशी बरी. नापास केलं नाही, पण विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळण्याचा रस्ता जवळजवळ बंद होईल अशी ती श्रेणी होती.

इथे आपण पटकन परीक्षकांना दोष देतो. जरा थांबा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर तेओदोर क्लेव्ह हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्यं त्यांनीच 1879 मध्ये शोधली होती. त्यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांची शंका साधी होती. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो तडतडतो, पेटही घेतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे सुटे फिरत असतील तर काहीच कसं होत नाही?

तुमच्या वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने हीच शंका विचारली असेल. नसेल विचारली तर ती विचारेल असा पाठ घ्या! कारण या धड्याचा गाभा इथेच आहे. सोडियमचा अणू वेगळा आणि सोडियमचा आयन वेगळा. अणूत 11 इलेक्ट्रॉन असतात, आयनात 10. त्या एका इलेक्ट्रॉनने स्वभावच पालटतो. गंमत म्हणजे 1884 मध्ये हे उत्तर कुणापाशीच नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला 1897 साल उजाडावं लागलं. विद्युतभार असलेला कण आणि नसलेला कण यांचे गुणधर्म वेगळे असणार, एवढंच अऱ्हेनिअस यांना म्हणता येत होतं. म्हणजे शंका रास्त होती आणि कल्पनाही बरोबर होती. चूक झाली ती उत्तर पूर्ण नाही म्हणून कल्पनेचीच किंमत कमी करण्यात.

टपालाने आलेली दाद

अऱ्हेनिअस रडत बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. एक प्रत रीगा शहरात विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या हाती पडली. त्याच दिवशी ओस्टवाल्ड यांच्या घरी मुलगी जन्मली होती आणि त्यांचा दातही ठणकत होता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. पण प्रबंध वाचून ते दुखणं विसरले असावेत. कारण वेगवेगळी आम्लं रासायनिक क्रिया किती वेगाने घडवतात हे ते मोजत होते, आणि त्यांचा क्रम अऱ्हेनिअस यांच्या वाहकतेच्या क्रमाशी जुळत होता. ऑगस्ट 1884 मध्ये ते स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी या तरुणाला आपल्याकडे काम देऊ केलं. वडील आजारी असल्याने अऱ्हेनिअस लगेच गेले नाहीत. पण बाहेरच्या माणसाने एवढी दाद दिल्यावर उप्सालातही त्यांना शिकवण्याची जागा मिळाली.

मग प्रवासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमान, व्हान्ट हॉफ अशा मोठ्या लोकांबरोबर काम झालं. 1887 मध्ये विचरणाचा सिद्धांत स्वच्छ स्वरूपात छापून आला. त्याला दोन भक्कम आधार होते. पहिला असा : मिठाचं विरल द्रावण साखरेच्या तेवढ्याच रेणूंच्या द्रावणापेक्षा जवळजवळ दुपटीने गोठणबिंदू खाली आणतं. एका मिठातून दोन कण होतात हे मानलं की कोडं सुटतं. दुसरा आधार उदासिनीकरणाचा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या किंवा नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, दर मोलला उष्णता सुमारे 57 किलोज्यूलच निघते. कारण दोन्हीकडे खरी क्रिया एकच : हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. बाकीचे आयन लग्नातल्या पाहुण्यांसारखे नुसते हजर असतात.

पुढे काय झालं?

1895 मध्ये ते स्टॉकहोमला प्राध्यापक झाले. 1896 मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचं तापमान किती बदलेल याचं गणित त्यांनी हाताने केलं. 1903 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारे ते पहिलेच स्वीडिश. त्या वेळी नोबेलच्या रसायन समितीत क्लेव्ह होते! एकेकाळी न पटलेल्या विद्यार्थ्याचा त्यांनी मोकळ्या मनाने गौरव केला. शिक्षकाला आपलं मत बदलता येतं, हेही मुलांना जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र लपवू नये. पुढे अऱ्हेनिअस स्वतः अधिकाराच्या जागी बसले, तेव्हा मेंडेलीव्ह यांना नोबेल न मिळण्यात त्यांच्या विरोधाचा वाटा होता, असं इतिहासकार मानतात. ज्याला एकदा कमी लेखलं गेलं, तोही दुसऱ्याला कमी लेखू शकतो. 2 ऑक्टोबर 1927 रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची व्याख्याही पूर्ण नव्हती. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाही, तरी तो आम्लारी आहे. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी व्याख्या आणखी रुंद केली. अकरावी-बारावीत मुलं ती शिकतीलच.

वर्गात करून बघा

9 व्होल्टची बॅटरी, एलईडी, त्याला जोडलेला छोटा रोधक आणि पेन्सिलीची दोन शिसं एवढंच लागतं. शिसं एकमेकांना चिकटू देऊ नका, आणि घरातल्या प्लगची वीज तर अजिबात नको. कोरडं मीठ, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी आणि व्हिनेगर अशा क्रमाने तपासा. दर वेळी शिसं धुऊन घ्या आणि मिठाच्या पाण्यात ती फार वेळ ठेवू नका. दिवा लागण्याआधी मुलांना अंदाज लिहायला सांगा आणि अंदाजाचं कारणही लिहून घ्या.

मग त्या वह्या तपासताना, चुकीचं उत्तर पण वेगळं कारण लिहिलेली एखादी वही दिसली, तर लाल पेन लगेच उचलू नका. त्या मुलाला जवळ बोलवा आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आधी ऐकून घ्या.