नटसम्राट बालगंधर्व

(एके काळी मराठी रंगभूमीवर पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करत. त्या काळातील एका थोर गायक-नटाची ही ओळख आहे. रंगभूमीवर त्यांना अमाप यश मिळाले, पण चित्रपटाच्या पडद्यावर त्यांचे मन रमले नाही. असे का झाले, ते या पाठात सांगितले आहे.)

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. लहानपणापासून त्यांचा आवाज अतिशय गोड होता. लोकमान्य टिळकांनी या लहान मुलाचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला 'बालगंधर्व' म्हटले, असे सांगतात. पुढे हेच नाव सगळीकडे रूढ झाले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. शकुंतला ही त्यांची पहिली मोठी भूमिका. पुढे 'मानापमान' नाटकातील भामिनी, 'स्वयंवर' मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला' मधील दारूड्याची सोशिक पत्नी सिंधू या त्यांच्या भूमिका अतिशय गाजल्या. त्यांचे चालणे, लाजणे आणि पदर सावरणे इतके सहज असे, की हा पुरुष आहे हे प्रेक्षक विसरून जात. शहरांतील स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसत आणि केशरचनाही तशीच करत.

कलेवर त्यांची विलक्षण निष्ठा होती. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी दुःख गिळले आणि ते रंगमंचावर उभे राहिले.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. या मंडळीत सगळेच उत्तम असे. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे नामवंत कलाकार साथ करत. प्रेक्षक एकाच पदाला पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' देत आणि नाटक रात्रभर चाले. मात्र उंची शालू, दागिने, अत्तरे आणि पडदे यांवर पाण्यासारखा पैसा खर्च होई. त्यामुळे मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला.

त्यातच १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला. लोक थोड्या पैशांत बोलपट पाहू लागले. नाटकांची गर्दी ओसरली आणि अनेक नाटक मंडळ्या बंद पडल्या. बालगंधर्वांवरही कठीण वेळ आली. शेवटी त्यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीशी करार केला.

१९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'धर्मात्मा' हा बोलपट आला. त्यात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या संताची ही कथा होती. बोलपटाचे आधीचे नाव 'महात्मा' असे होते. त्या वेळी महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचे कार्य करत होते. 'महात्मा' म्हटले की लोकांना गांधीजीच आठवत. म्हणून इंग्रज सरकारच्या सेन्सॉरने ते नाव नाकारले आणि कंपनीला ते बदलावे लागले.

बोलपटाचा विषय चांगला होता, दिग्दर्शकही कुशल होता. तरीही बालगंधर्वांना पाहून प्रेक्षकांचे समाधान झाले नाही. ज्यांना वर्षानुवर्षे शालूत पाहिले, त्यांना संताच्या वेषात पाहणे लोकांना परके वाटले. शिवाय रंगभूमीवर समोरच्या प्रेक्षकांची दाद मिळाली की बालगंधर्वांचे गाणे फुलत जाई. कॅमेरा मात्र दाद देत नाही. तेथे गाणे मोजक्या मिनिटांत संपवावे लागते. प्रभातशी त्यांचा संबंध या एका बोलपटानंतर संपला.

१९३७ साली त्यांनी 'साध्वी मीराबाई' या बोलपटात मीरेची भूमिका केली. दिग्दर्शक बाबूराव पेंटर होते. आता भूमिका स्त्रीची होती, पण काळ बदलला होता. दुर्गा खोटे यांच्यासारख्या अभिनेत्री पडद्यावर आल्या होत्या. रंगमंचावर प्रेक्षक दूर बसतात, पण कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. पन्नाशीकडे आलेल्या पुरुषाला मीरा म्हणून स्वीकारणे प्रेक्षकांना जमले नाही. हाही बोलपट चालला नाही.

याउलट, पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' मध्ये तुकाराम झाले आणि ती भूमिका अजरामर ठरली. ती त्यांच्या स्वभावाला आणि आवाजाला साजेशी होती. बालगंधर्वांच्या कलेत काही उणे नव्हते. पडदा हे त्यांचे घर नव्हते, एवढेच!

बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले. पैसा गेला, वय झाले, अखेरच्या काळात पायही निकामी झाले. पण गाण्यावरचे प्रेम कमी झाले नाही. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९६८ साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले. २०११ साली त्यांच्या जीवनावर 'बालगंधर्व' हा मराठी चित्रपट निघाला आणि तो लोकांना खूप आवडला. ज्या पडद्यावर ते स्वतः रमले नाहीत, त्याच पडद्याने त्यांची कहाणी नव्या पिढीला सांगितली.

शब्दार्थ
रूढ होणे – प्रचारात येणे. सोशिक – सहन करणारी. निष्ठा – पक्की श्रद्धा. विरस – निराशा. ओसरणे – कमी होणे. दाद – कौतुकाची पसंती. साजेशी – शोभणारी. अजरामर – कायम टिकणारी.

स्वाध्याय
१. गंधर्व नाटक मंडळीवर कर्ज का झाले?
२. 'महात्मा' हे बोलपटाचे नाव का बदलावे लागले?
३. रंगभूमी आणि बोलपट यांतील दोन फरक पाठाच्या आधारे लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : दुःख गिळणे, पाण्यासारखा पैसा खर्च होणे.