टार्झनचा स्वार

‘टार्झन’ म्हटले की आपल्यासमोर जंगलात वेलींवरून झोके घेणारा वीर उभा राहतो. अमेरिकेतील एका पिढीसमोर मात्र या नावाने एक देखणा, फिक्या सोनेरी रंगाचा घोडा उभा राहत असे. त्याच्या पाठीवर पांढरी रुंद हॅट घातलेला केन मेनार्ड असे. वेस्टर्न चित्रपटांचे नाव निघाले की आज जॉन वेन आठवतो, गाणारा काऊबॉय म्हटले की जीन ऑट्री. मेनार्ड सहसा कोणाला आठवत नाही. आणि या दोघांच्याही कारकिर्दीची एक सुरुवातीची पायरी मेनार्डच्या अंगणातच आहे.

केन मेनार्डचा जन्म २१ जुलै १८९५ रोजी इंडियाना राज्यातील विवे या गावी झाला. पुढे चित्रपट कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागांनी त्याला टेक्सासचा करून टाकले, कारण काऊबॉय इंडियानात जन्मला हे प्रेक्षकांना रुचले नसते. प्रत्यक्षात त्याने घोडेस्वारी गुरांमागे धावून नव्हे, तर फिरत्या खेळांत आणि सर्कशीत कमावली. रिंगलिंग ब्रदर्ससारख्या मोठ्या सर्कशीत तो कसरतीचा घोडेस्वार होता. १९२३ च्या सुमारास तो चित्रपटसृष्टीत आला आणि १९२४ च्या ‘जॅनिस मेरेडिथ’ या ऐतिहासिक चित्रपटात मध्यरात्री दौडत जाऊन इशारा देणारा पॉल रेव्हिअर त्याने साकारला. भूमिका छोटी होती, पण दौड लोकांच्या नजरेत भरली.

१९२६ मध्ये फर्स्ट नॅशनल कंपनीने त्याच्याशी करार केला. ‘सेन्योर डेअरडेव्हिल’, ‘द रेड रेडर्स’ अशा मूकपटांतून मेनार्डने जे केले ते आजही पाहताना छातीत धस्स होते. भरधाव घोड्याच्या खोगिरावरून एका बाजूला उतरायचे, पोटाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढायचे, आणि हे सारे कॅमेऱ्याला चेहरा स्पष्ट दिसेल अशा बेताने. बहुतेक नायकांच्या जागी धोक्याच्या प्रसंगी बदली स्वार असे. मेनार्डचा मान हा, की लोक त्यालाच पाहत आणि त्यालाच पाहत असल्याची त्यांना खात्री असे. या मालिकेत १९२८ चा ‘द फँटम सिटी’ हा एक रहस्यपटही होता. ओसाड पडलेले खाणगाव आणि तेथे वावरणारा बुरखाधारी, असे त्याचे कथानक. ते पुढे निराळ्याच रीतीने महत्त्वाचे ठरणार होते.

मग बोलपट आला. सुरुवातीचे ध्वनियंत्र अवजड होते, कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला पेटीत कोंडावे लागे आणि मायक्रोफोन एका जागी खिळलेला असे. उघड्या माळावरच्या दौडींचे चित्रपट आता संपले, असे अनेकांना वाटले. फॉक्स कंपनीच्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’ने १९२९ च्या आरंभी बाहेरचा ध्वनी टिपता येतो हे दाखवून दिले, तेव्हा वेस्टर्नचा जीव वाचला. मेनार्ड त्या वेळी युनिव्हर्सलकडे होता आणि त्याने या नव्या यंत्राचा उपयोग मोठ्या हुशारीने केला. तो फिडल आणि बँजो वाजवी, थोडेफार गातही असे. १९२९ च्या ‘द वॅगन मास्टर’मध्ये तो गायला. गाणाऱ्या काऊबॉयची पहिली चाहूल ती हीच. त्याचा आवाज सामान्य होता, परंतु कल्पना सामान्य नव्हती.

तथापि मंदीच्या काळात मोठ्या कंपन्यांना वेस्टर्न नकोसा झाला आणि मेनार्ड टिफनी, वर्ल्ड वाइड अशा लहान कंपन्यांच्या दारी आला. येथे पैसा कमी, दिवस कमी, आणि चित्रपट जेमतेम तासाभराचा. अशा वेळी रहस्य हे मोठे स्वस्त भांडवल ठरे. शेकडो गुरे आणि स्वारांची फौज उभी करायला खर्च येतो. एक बुरखा, एक गुहा आणि अंधारातून आलेली किंकाळी यांना तो येत नाही. किंकाळी तर आता ऐकूही येत होती! बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड आणि झुंजारवर वाढलेल्या मराठी वाचकाला या चित्रपटांचा बाज परका वाटणार नाही. मुंबईतही १९३५ मध्ये वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’तून बुरखाधारी नायिका घोड्यावर बसवली, तिची मुळे हॉलिवूडच्या अशाच साहसपटांत होती.

१९३२ चा ‘टूमस्टोन कॅनियन’ हा मेनार्डचा या जातीतला सर्वांत चांगला चित्रपट, असे मला वाटते. आपले आईबाप कोण हे शोधायला आलेला तरुण, दरीत फिरणारा विद्रूप चेहऱ्याचा ‘फँटम’, त्याची अंगावर काटा आणणारी आरोळी आणि अखेरीस तो फँटम म्हणजे नायकाचा जन्मदाताच असल्याचा उलगडा. संवाद बेताचे आहेत, अभिनय त्याहून बेताचा. पण उजाड खडकांमधले ते सावट अस्सल आहे.

त्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. फर्स्ट नॅशनल एव्हाना वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यात गेली होती आणि मेनार्डच्या मूकपटांतील चित्तथरारक दौडी त्यांच्या कपाटात पडून होत्या. त्या पुन्हा वापरून स्वस्तात बोलपट काढायचे ठरले. मेनार्डशी जुळेल असा पेहराव आणि टार्झनशी जुळेल असा पांढरा घोडा देऊन एका उंच, होतकरू नटाला उभे केले गेले. तो जॉन वेन. ‘द फँटम सिटी’चा ‘हॉन्टेड गोल्ड’ झाला. जवळून दिसणारा चेहरा वेनचा, दुरून धावणारा स्वार मेनार्ड! प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या पुष्कळदा मेनार्डच्या पाठीला. मेनार्डचे अनेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यांतील काही दौडी मात्र अशा परक्या नावाखाली टिकून आहेत.

१९३३ मध्ये तो युनिव्हर्सलकडे परतला, या वेळी स्वतःच्या निर्मिती पथकासह. एका गाण्याभोवती रचलेला ‘द स्ट्रॉबेरी रोन’ चांगला चालला. परंतु यशाबरोबर मद्य आणि संताप हे दोन्ही वाढले. सेटवर तो कोणावर कधी भडकेल याचा नेम नसे. १९३४ च्या ‘स्मोकिंग गन्स’ची कथा त्याने स्वतः रचली. त्यात खोट्या आरोपामुळे परागंदा झालेला नायक मरण पावलेल्या रेंजरचे नाव धारण करून गावी परततो आणि कोणालाही संशय येत नाही. रहस्यपटातही इतके कोणी मान्य करत नाही. कंपनीचे प्रमुख कार्ल लेमली यांच्याशी बिनसले आणि मेनार्ड बाहेर पडला.

पुढचा मुक्काम नॅट लेव्हिन यांची मॅस्कॉट कंपनी. तेथील ‘इन ओल्ड सँटा फे’मध्ये मेनार्ड नायक होता, पण थोड्या वेळासाठी पडद्यावर येऊन जीन ऑट्री नावाचा रेडिओगायक गाऊन गेला आणि चित्र पालटले. पाठोपाठ आलेल्या ‘मिस्टरी माउंटन’ या बारा भागांच्या मालिकेत मेनार्डने निरनिराळे मुखवटे घालून वावरणाऱ्या ‘रॅटलर’चा माग काढला. त्यानंतरची मालिका, ‘द फँटम एम्पायर’, त्याच्यासाठीच आखलेली होती. मात्र त्याच्या वागण्याला कंटाळलेल्या लेव्हिन यांनी १९३५ मध्ये ती भूमिका ऑट्रीला दिली. गाणाऱ्या काऊबॉयचे युग सुरू झाले, आणि ज्याने त्याची वाट दाखवली तो त्यात नव्हता. येथे दैवाला बोल लावता येत नाही. दार मेनार्डनेच आपल्या हाताने लावून घेतले होते.

नंतरची हकीकत उताराची आहे. १९३६ मध्ये त्याने स्वतःची सर्कस काढली, ती बुडाली. १९४० मध्ये टार्झन गेला. १९४३-४४ मध्ये मोनोग्रामच्या ‘ट्रेल ब्लेझर्स’ मालिकेत हूट गिब्सनसोबत तो पुन्हा दिसला, शरीर सुटलेले, तरी खोगिरावर बसल्यावर ऐट तीच. ती मालिकाही त्याने अर्ध्यावर सोडली. पत्नी बर्था १९६८ मध्ये वारली. धाकटा भाऊ कर्मिट, जो स्वतःही वेस्टर्नचा नायक आणि उत्तम स्वार होता, १९७१ मध्ये गेला. केन सॅन फर्नांडो खोऱ्यात एका ट्रेलरमध्ये एकटा राहत होता, मद्य सुटले नव्हते. जीन ऑट्री त्याला गुपचूप पैसे पाठवीत असे, असे सांगितले जाते.

२३ मार्च १९७३ रोजी वुडलँड हिल्स येथील चित्रपट कलावंतांच्या वृद्धाश्रमात केन मेनार्डचे निधन झाले. वय ७७ होते आणि अंगावर नीटसे मांसही उरले नव्हते.