माता केटी बेल न्यूबिन

तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं सिस्टर रोझेटा थार्प हिचें नांव ऐकलें असेल. विजेच्या गिटारवर भक्तिगीतें गाणारी ही अमेरिकन गायिका १९७३ सालीं निवर्तली. पुढें २०१८ सालीं रॉक संगीताच्या जनकांमध्यें तिची गणना होऊन तिकडच्या मानमंदिरांत तिला स्थान मिळालें. येथें सिस्टर म्हणजे मठवासिनी नव्हे. तिच्या पंथांत भगिनींना तसें संबोधीत, व वडीलधाऱ्या स्त्रियांना मदर. आम्हांस आज सांगावयाचें आहे तें या कन्येच्या मातेविषयीं.

केटी बेल न्यूबिन यांचा जन्म सुमारें १८८० सालचा. त्या देशांतील गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां उणींपुरीं पंधरा वर्षें झालीं होतीं. कृष्णवर्णीयांच्या वांट्याला मालकाच्या ऐवजीं मजुरी आली, एवढाच पुष्कळ ठिकाणीं फरक. आर्कान्सा संस्थानांतील कॉटन प्लँट या गांवीं केटीबाई व त्यांचे पती विलिस ॲटकिन्स कापूस वेंचण्याचें काम करीत. तेथेंच २० मार्च १९१५ रोजीं रोझेटा जन्मली.

केटीबाई ज्या पंथाच्या होत्या त्याचें नांव चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट. हा पंथ आपल्या पवित्र ख्रिस्तसभेबाहेरचा. तथापि त्याची एक गोष्ट आम्हांस नेहमीं विचार करावयास लावते. दीडशेंव्या स्तोत्रांत तंतुवाद्यें, डफ व झांजा यांनीं देवाची स्तुति करावयास सांगितलें आहे, तें या लोकांनीं अक्षरशः मानलें. अनेक जुन्या मंडळ्यांना जें वादन उपासनेंत अशोभनीय वाटे, तें यांच्या प्रार्थनामंदिरांत रोज चाले. स्त्रियांना पाळकपद नव्हतें, परंतु शिकविण्याची व सुवार्ता सांगत फिरण्याची मोकळीक होती. केटीबाईंनीं ती घेतली. त्या उपदेश करीत, गात, आणि मँडोलिन वाजवीत. आमच्या गोमंतकीय बांधवांच्या घरीं हें वाद्य ओळखीचें आहे. मोठें नाहीं, कांखोटीस मारून कोठेंही नेतां येतें.

रोझेटा सहासात वर्षांची असतांना केटीबाई पतीला मागें ठेवून तिच्यासह शिकागो शहरीं गेल्या. घर सोडण्याचें हें कृत्य आम्ही गौरवीत नाहीं. त्याचा न्यायही आम्ही करीत नाहीं. दक्षिणेंतून त्या काळीं लाखों कृष्णवर्णीय लोक पोटासाठीं व मानासाठीं उत्तरेस जात होते, त्या लोंढ्यांत या दोघी होत्या. शिकागोच्या चाळिसाव्या रस्त्यावरील मंदिरांत मायलेकी गाऊं लागल्या, व पुढें गांवोगांवच्या मेळाव्यांना जाऊं लागल्या. आई उपदेश करी आणि चिमुकली गिटार वाजवी. ती बालिका म्हणजे एक चमत्कारच, असें लोक म्हणत.

खरी कसोटी पुढेंच होती. रोझेटाचा एका धर्मोपदेशकाशीं झालेला विवाह टिकला नाहीं. १९३८ सालीं ती न्यूयॉर्कला आली, आणि तींच भक्तिगीतें कॉटन क्लब नामक रंगशाळेंत, मद्यपानाच्या मेजांसमोर, नर्तकींच्या मेळ्यांत गाऊं लागली. त्याच वर्षीं डेक्का कंपनीनें तिच्या तबकड्या काढल्या व तिचें नांव देशभर झालें. ज्या मंडळींत ती वाढली, तींतील अनेकांनीं तिला दोष दिला. देवाचें देणें बाजारांत नेलें, हा तो दोष. आमच्याकडेही मुलगा वाद्यवृंदांत गेला म्हणून डोळे पुशीत येणाऱ्या माता आहेत. त्यांना काय सांगावें हें आम्हांस प्रत्येक वेळीं सुचतेंच असें नाहीं.

केटीबाईंनीं काय केलें? त्या मुलीबरोबर न्यूयॉर्कला आल्या. त्यांनीं आपला पंथ सोडला नाहीं, उपदेश थांबविला नाहीं, आणि मुलीलाही टाकलें नाहीं. १९४९ सालीं मायलेकींनीं मिळून एक गीत ध्वनिमुद्रित केलें, त्याचें नांव नाइन्टी-नाइन अँड अ हाफ वोन्ट डू. शंभरांत अर्धा कमी असला तरी चालणार नाहीं, असा त्या नांवाचा अर्थ. आईचा आवाज खडबडीत आणि उपदेशकाचा, लेकीचा झळाळता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९६० सालीं, वयाच्या सुमारें ऐंशींव्या वर्षीं, केटीबाईंची स्वतःची एक मोठी तबकडी व्हर्व्ह कंपनीनें काढली. साथीला होता डिझी गिलेस्पी, जॅझ संगीतांतील अव्वल तुतारीवादक! ज्या संगीतकारांच्या संगतीबद्दल लेकीला बोल लागले, त्यांच्याच मधोमध ही वृद्धा उभी राहिली आणि आपलीं तींच जुनीं स्तोत्रें गायली. वाजविणारे तिच्या गतीनें वाजवीत गेले.

त्या दशकाच्या अखेरीस केटीबाई देवाघरीं गेल्या. रोझेटा या आघातांतून सावरली नाहीं. १९७० सालीं तिला पक्षाघात झाला, मागाहून एक पाय कापावा लागला, तरी ती खुर्चींत बसून गातच राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ रोजीं फिलाडेल्फिया येथें तिचा अंत झाला, आणि तिच्या थडग्यावर कित्येक वर्षें नांवाचा दगडही नव्हता.