वृत्तपत्राची मालकी आणि सी. पी. स्कॉट

लोकशाहीत वृत्तपत्रांना स्वातंत्र्य असावे, याबद्दल उघड वाद कोणी घालीत नाही. हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र सोयिस्करपणे बाजूला राहतो. बातमी लिहिणाऱ्याचे, वाचणाऱ्याचे, की छापखान्याच्या आणि वाहिनीच्या मालकाचे? सरकारी नियंत्रण दिसते, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. ताळेबंदातून चालणारे नियंत्रण सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक चार्ल्स प्रेस्टविच स्कॉट यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. थोर संपादक म्हणून त्यांचा गौरव होतोच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातील मालकीचा अध्याय अधिक उद्बोधक वाटेल.

स्कॉट यांचा जन्म १८४६ चा, बाथ शहरातला. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून ते नात्यातल्या जॉन एडवर्ड टेलर यांच्या पत्रात आले आणि १८७२ मध्ये, वयाची पंचविशी जेमतेम गाठलेली असताना, संपादक झाले. ती खुर्ची त्यांनी १९२९ पर्यंत, म्हणजे ५७ वर्षे सांभाळली. मधली काही वर्षे ते पार्लमेंटचे सभासदही होते. पत्र १८२१ मध्ये निघाले ते कापडाच्या शहरात, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. त्या पैशात अमेरिकेतील गुलामांच्या श्रमाचा वाटा होता, हे पत्राच्या विश्वस्तांनीच २०२३ मध्ये मान्य करून माफी मागितली. निष्कलंक भांडवल वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच आढळते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

स्कॉट यांची खरी कसोटी लागली ती १८९९ मध्ये, बोअर युद्ध पेटले तेव्हा. साऱ्या इंग्लंडवर युद्धज्वर चढला होता. नॉर्थक्लिफ यांचे अर्ध्या पेनीचे ‘डेली मेल’ १८९६ मध्ये निघाले होते आणि युद्धाच्या बातम्यांवर त्याचा खप झपाट्याने वाढत होता. स्कॉट यांनी दक्षिण आफ्रिकेत बातमीदार म्हणून पाठविले ते जे. ए. हॉब्सन या अर्थशास्त्रज्ञाला! हॉब्सन यांना तेथे जे दिसले ते आजही विचार करायला लावणारे आहे. सोन्याच्या खाणींचे मालक आणि तेथील प्रमुख वृत्तपत्रांचे सूत्रधार एकाच वर्तुळातले होते. त्या पत्रांचा मजकूर तारेने लंडनला जाई आणि तेथे तोच जनमत म्हणून छापला जाई. साम्राज्यवादाची आर्थिक मीमांसा करणारा हॉब्सन यांचा १९०२ चा ग्रंथ पुढे लेनिन यांनीही आधाराला घेतला. त्या ग्रंथामागे हा अनुभव होता.

‘गार्डियन’ने युद्धाला विरोध केला, बोअर स्त्रिया व मुलांना कोंडलेल्या छावण्यांविषयी एमिली हॉबहाउस यांनी उठविलेल्या आवाजाला साथ दिली. परिणाम व्हायचा तोच झाला. खप घसरला, जाहिराती गेल्या. तरीही पत्र मार्गावर राहिले, कारण तोटा सोसायला तयार असलेला मालक टेलर यांच्या रूपाने पाठीशी होता. येथेच या कथेतील दुबळा दुवा दिसतो. संपादकाचे स्वातंत्र्य एका सज्जन मालकाच्या मर्जीवर उभे होते, आणि सज्जन माणसेही मरतात.

टेलर १९०५ मध्ये वारले. पत्राचे हक्क अवघ्या १०,००० पौंडांना प्रथम स्कॉट यांना देऊ करावेत, असे मृत्युपत्रात होते. पण विक्री करण्याचे बंधन विश्वस्तांवर नव्हते. किंमत वाढण्यात एका विश्वस्ताचा स्वतःचाच लाभ होता. अखेर १९०७ मध्ये स्कॉट यांना सर्व मिळून २,४२,००० पौंड मोजावे लागले. बहिणींकडून आणि टेलर यांच्या विधवा पत्नीकडून मोठी कर्जे काढून त्यांनी ते मोजले. पुढल्याच वर्षी लंडनचे ‘टाइम्स’ नॉर्थक्लिफ यांच्या हाती गेले.

मालक झाल्यावरही स्कॉट यांची राहणी साधीच राहिली. म्हातारपणी ते सायकलवरून ये-जा करीत. त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. लॉइड जॉर्ज यांच्याशी त्यांची जवळीक संपादकाला शोभण्यापेक्षा थोडी अधिक होती, असे मला वाटते. पत्राच्या शताब्दीनिमित्त १९२१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखात वृत्तपत्र हा धंदा असला तरी तेवढाच नव्हे, त्याचे स्वरूप काहीसे मक्तेदारीचे असते आणि म्हणून मक्तेदारीचे मोह टाळणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते, असा विचार मांडला आहे. मताला मोकळीक असावी, वस्तुस्थितीला नव्हे, हा त्यांचा दंडक तर सर्वपरिचित आहे.

१९३२ च्या पहिल्याच दिवशी स्कॉट यांचे निधन झाले. एप्रिलमध्ये संपादकपदावरील त्यांचा मुलगा एडवर्ड विंडरमियर सरोवरात बुडून मरण पावला. वारसाकराच्या एका आणखी आघाताने पत्र विकावे लागेल, ही भीती उभी राहिली. तेव्हा दुसरा मुलगा जॉन याने १९३६ मध्ये सर्व भाग विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केले आणि स्वतःचा व कुटुंबाचा आर्थिक हक्क सोडून दिला. नफा वाटायचा नाही, तो पत्रातच घालायचा, अशी ही व्यवस्था. तीही दोषमुक्त नाही. या संस्थेने ‘ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक विकायचे २०२४ मध्ये ठरविले, तेव्हा तिच्याच पत्रकारांना संप करावा लागला.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये लहान पत्रांना मोठ्या भांडवलाशी स्पर्धा करता यावी म्हणून किंमत व पृष्ठसंख्या यांचे प्रमाण बांधून देण्याची सूचना केली. १९५६ चा कायदा त्यातून आला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. निर्णय योग्यच होता. पाने मोजण्याचा अधिकार सरकारला दिला की मजकूर मोजण्याचा मोह दूर राहत नाही. पण त्यामुळे मूळ रोग बरा झाला नाही. दुसऱ्या आयोगाने १९८२ मध्ये वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगांपासून अलग करावी, असे सुचविले. ती शिफारस कायद्यात उतरली नाही. दरम्यान ज्यांचे सिमेंट, वीज, दूरसंचार आणि बंदरे सरकारी परवान्यांवर चालतात, त्यांच्याच हाती वाहिन्याही जात आहेत. निदान प्रत्येक वृत्तसंस्थेने आपले भागधारक, कर्जदाते आणि मोठे जाहिरातदार यांची यादी दरवर्षी वाचकांसमोर छापावी, इतका कायदा करण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्णयाची आडकाठी दिसत नाही.